पुण्यात आपल्या भागातली मानसिक आरोग्यसेवा सुधारावी म्हणून सामान्य माणूस काय करू शकतो?

सह्यांची मोहीम वगैरे नंतर. आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. 'सेवा सुधारा' असं मोघम लिहू नका, ते फाइलीत जाऊन बसतं. नेमकं विचारा: मानसोपचाराची ओपीडी वर्षात किती दिवस चालली? मंजूर पदं किती, भरलेली किती? कोणती औषधं किती दिवस संपलेली होती?

अर्ज कुणाकडे, यात बरेच जण गोंधळतात. शहरातले दवाखाने महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. औंधचं जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचं मनोरुग्णालय राज्य सरकारकडे. येरवड्याचं गाऱ्हाणं नगरसेवकाकडे नेऊन काही हलत नाही.

उत्तर हातात आलं की मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम १८ दाखवा. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा त्यात हक्क आहे, आणि अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळायला हवीत.

मागणी एकच ठेवा, छोटी: आपल्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ. दहा मागण्यांचं निवेदन फोटोपुरतं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. निवेदन महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्या, पोच घ्या, बजेटच्या आधी द्या. ज्यांच्या घरात रुग्ण आहे त्यांना सोबत न्या, पण त्यांच्या मर्जीने.

दरम्यान, गणपतीच्या मांडवात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर मोठ्या अक्षरांत लावायला मंडळाला गळ घाला. त्यासाठी फाइल हलायची वाट बघावी लागत नाही.