गुडघ्याची वाटी सरकलीय ना, मग हे आधी ऐक

अगं, तुझं ऐकून मला माझं 17वं वर्ष आठवलं, खो-खो खेळताना पाय मातीत रुतला, अंग वळलं आणि वाटी बाहेरच्या बाजूला सरकली, पाय सरळ केला तशी आपोआप बसली पण, म्हणून घरी सगळे म्हणाले झालं बरं, आणि कोणीतरी चोळून घ्यायला सांगितलं. चोळून घेतलं आणि सूज दुप्पट झाली. तू हे अजिबात करू नकोस.

वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारं एक लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधणारा चिवट पट्टा असतो, त्याला एमपीएफएल म्हणतात, पहिल्यांदा वाटी सरकते तेव्हाच बहुतेक वेळा ते फाटतं. एक्स-रे काढच, सूज खूप असेल तर डॉक्टरांना एमआरआयचं पण विचार, हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा सुटलेला असू शकतो. तसं नसेल तर पहिल्या वेळी बऱ्याचदा ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा) आणि फिजिओवर, म्हणजे व्यायामांवर भागतं.

फिजिओ मात्र मनापासून कर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून खाली दाबायचं, मांडीचा आतला स्नायू घट्ट होतोय का ते हात लावून बघायचं, कंटाळा येतो पण तोच स्नायू वाटीला सांभाळतो. कमी वयात वाटी परत सरकायची भीती जास्त असते.

आणि नवरात्र. बडोद्यात राहून गरब्याला नाही म्हणणं जिवावर येतं, कळतं मला, पण पाय रोवून गिरकी म्हणजे वाटी सरकते नेमकी तीच पोझिशन गं. यंदा बसून टाळ्या वाजव, मी येते सोबतीला.