गंज काढण्याआधी अवजार नीट पाहा

मेटल डिटेक्टरने सापडलेले अवजार ओळखायचे असेल, तर तारेचा ब्रश तूर्त बाजूला ठेवा, कारण घडवणाऱ्याचा ठसा बहुधा गंजाच्याच थरात टिकून असतो आणि जोराने घासल्यास तो कायमचा जातो. सुटी माती मऊ ब्रशने झटकावी, मोजपट्टी शेजारी ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि सापडल्याची जागा व खोली लिहून ठेवावी.

‘हे काय आहे?’ यापेक्षा ‘याने काय केले असेल?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. वरचे टोक ठोके खाऊन छत्रीसारखे पसरले असेल, तर ती छिन्नी किंवा पाचर असण्याची शक्यता मोठी. पाते एकाच बाजूने झिजले असेल, तर वापरणाऱ्याचा हात कसा चालत होता तेही कळते. दांडा बसवण्याची खोबण पत्रा गुंडाळून केलेली असून तिचा सांधा उघडा दिसत असेल, तर ते भट्टीवरचे हातकाम समजावे. आटे असल्यास त्यांतील अंतर मोजावे: ब्रिटनमध्ये अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचे प्रमाणित माप १८४१ मध्ये मांडले, त्यामुळे त्या मापाशी तंतोतंत जुळणारी वस्तू त्याआधीची असणे अवघड आहे. केवळ गंजावरून वय मात्र ठरवू नये. ओलसर, खारट जमिनीत कालचे लोखंडही पुरातन दिसते.