नऊ शब्दांचे वाक्य, पावणेतीन वर्षांचे वय

या वेळच्या टपालात वयाच्या मानाने लवकर किंवा फार बोलणाऱ्या, तसेच लवकर वाचणाऱ्या मुलांविषयी तीन पत्रे होती. ती थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह येथे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी पावणेतीन वर्षांची आहे. घरी आम्ही मराठी बोलतो, शेजारी सगळे कोकणी बोलणारे आहेत. दीड वर्षाची होण्यापूर्वीच ती शब्द जोडून बोलू लागली. परवा सकाळी तिने मला विचारले, “काल पोदेर आला नाही म्हणून आजीने पोळ्या केल्या ना?” (पोदेर म्हणजे घरोघरी पाव विकणारा.) नातेवाईकांना वाटते की ती विलक्षण बुद्धीची आहे आणि तिला आत्ताच शाळेत घालून अक्षरे गिरवायला लावावीत. मात्र ती मराठीत मध्येच कोकणी शब्द घालते आणि अलीकडे “मी, मी, मी” असे अडखळू लागली आहे. आम्ही नेमके काय करावे?
— एक आई, फोंडा तालुका

उत्तर : आपल्या मुलीचे बोलणे वयाच्या पुढे आहे, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. बहुतेक मुले पहिला अर्थपूर्ण शब्द वर्षाच्या आसपास बोलतात, दोन वर्षांची होईपर्यंत दोन शब्द जोडतात आणि तीन वर्षांची होता होता तीन-चार शब्दांची वाक्ये करू लागतात. परंतु आपण लिहून पाठवलेल्या वाक्यात शब्द नऊ आहेत, यापेक्षा त्यात ‘म्हणून’ आहे, हे मला अधिक मोलाचे वाटते. न घडलेली एक गोष्ट आणि घडलेली दुसरी गोष्ट यांचा कार्यकारणसंबंध तिने लावला, तो कालच्या दिवसात नेऊन ठेवला आणि शेवटी ‘ना’ म्हणून आपली संमतीही मागितली. शब्द मोजणे सोपे असते, त्यामुळे घरोघरी तेच मोजले जातात. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवलेले लांबलचक स्तोत्र मुलाची स्मरणशक्ती दाखवते. त्यावरून भाषेची समज ठरवता येत नाही.

भाषा खरोखर आत्मसात होत असल्याची खूण पुष्कळदा चुकांमध्ये सापडते. या वयाची मराठी मुले “मी चित्र करलं” असे सर्रास म्हणतात. हे रूप त्यांनी कोणाही मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेले नसते. ‘पड’चे ‘पडलं’ आणि ‘बस’चे ‘बसलं’ होते, हा नियम मुलाने स्वतः शोधून तो ‘कर’ला लावलेला असतो. जीन बर्को यांनी 1958 साली ‘वग’ नावाच्या काल्पनिक प्राण्याचे चित्र इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना दाखवून असे प्राणी दोन असतील तर काय म्हणाल, असे विचारले, तेव्हा हा शब्द पूर्वी कधीही न ऐकलेल्या मुलांनी त्याचे अनेकवचन नियमाप्रमाणे केले. आपली मुलगी “करलं” म्हणाली तर तिला थांबवून दुरुस्त करू नये. “हो, किती छान चित्र केलंस!” एवढे उत्तर द्यावे. बरोबर रूप तिच्या कानावर पडते आणि तिचे बोलणेही तुटत नाही.

भाषांच्या मिसळीची काळजी करण्याचे मला काही कारण दिसत नाही. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि त्याच कायद्याने शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही वाव ठेवला. आपल्या अंगणात मात्र या दोन्ही भाषा कायद्याच्या कितीतरी आधीपासून एकत्र नांदत आहेत. मूल शेजारच्या आजीकडे “माका उदक जाय” म्हणते आणि घरी येऊन “मला पाणी हवं” म्हणते, तेव्हा समोरच्या माणसाला कोणती भाषा जवळची आहे, हे त्याने ओळखलेले असते. शब्दसंग्रहाचा अंदाज घ्यायचाच असेल तर दोन्ही भाषांतील शब्द मिळून घ्यावा. एका भाषेतला शब्द चटकन आठवला नाही तर मूल दुसरीतला वापरते, आणि आपण मोठी माणसेही दिवसभर तेच करत असतो. शुद्ध मराठीच्या हौसेने शेजारचे कोकणी तोडू नये, अशी माझी विनंती आहे.

अडखळण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. दोन ते पाच या वयात, विशेषतः वाक्ये झपाट्याने लांबत असताना, अनेक मुले पूर्ण शब्द किंवा शब्दसमूह पुन्हा पुन्हा म्हणतात. सांगायचे पुष्कळ असते आणि त्याची जुळणी तेवढ्या वेगाने होत नाही. बहुतेक मुलांमध्ये हे आपोआप कमी होते. “सावकाश बोल”, “नीट सांग”, “आधी विचार कर” अशा सूचना टाळाव्यात, तिचे वाक्य आपण पूर्ण करू नये, आणि आपलाच बोलण्याचा वेग थोडा कमी करावा. मात्र पूर्ण शब्दाऐवजी पहिलाच ध्वनी “प-प-प-पाणी” असा अडकू लागला, आवाज न फुटता तोंड तसेच राहू लागले, चेहऱ्यावर किंवा मानेवर ताण दिसू लागला, ती बोलणे टाळू लागली, अथवा हा प्रकार कित्येक महिने टिकला, तर स्पीच थेरपिस्टची भेट घ्यावी. कुटुंबात कोणाला तोतरेपणा असेल तर वाट न पाहता घ्यावी.

आता शाळेचा प्रश्न. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि पहिलीचे वय सहा वर्षे धरले आहे. लवकर बोलणारे मूल लवकर वाचेलच, ही समजूतही तपासून पाहावी. कॅथरिन क्रेन-थोरसन आणि फिलिप डेल यांनी वीस महिन्यांच्या वयात बोलण्यात फार पुढे असलेल्या मुलांचा साडेचार वर्षांपर्यंत मागोवा घेतला आणि 1992 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या वयात वाचू लागलेली मुले त्यांत फारच थोडी निघाली. दोन वर्षांच्या वयात गोष्ट ऐकताना जी मुले रमून सहभागी होत होती, त्यांची भाषा मात्र पुढेही चांगली राहिली. पेन्सिल धरणाऱ्या बोटांची वाढ तर आपल्या गतीने होते, तिला जिभेच्या वेगाशी काही देणेघेणे नसते.

आपण विचारले नसले तरी एक गोष्ट सांगतो, कारण अशा घरांत ती हमखास घडते. पाच वर्षांच्या मुलासारखे बोलणाऱ्या मुलीकडून घरचे पाच वर्षांच्या समजुतीची अपेक्षा करू लागतात. ती एखादे खेळणे हवे म्हणून जमिनीवर लोळून रडली की “एवढं सगळं कळतं, मग हे कळत नाही का?” असे विचारले जाते. तिचा संयम पावणेतीन वर्षांचाच आहे, आणि थकवा व भूकही त्याच वयाची आहे.

काय करावे, याचे माझे उत्तर साधे आहे: तिच्याशी बोलावे आणि तिला बोलू द्यावे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना गोष्टीचे पुस्तक वाचताना हो-नाही पुरते प्रश्न कमी करून मोकळे प्रश्न विचारायला, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते परत म्हणायला शिकवले. नेहमीच्या पद्धतीने तेवढेच वाचून दाखवल्या गेलेल्या मुलांपेक्षा ही मुले महिनाभरात भाषेत पुढे गेली. पुस्तकावाचूनही हे करता येते. चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर फळे टांगायची चौकट) बांधताना तोरिंग, कवंडळ, चिबूड, सुपारीची शिपटी तिच्या हातात द्यावीत. कोणते कोठे मिळाले, कोणते जड, कोणते आधी बांधावे, हे तिला विचारावे, आणि तिचे उत्तर चुकले तरी त्यावरून पुढचा प्रश्न काढावा.

प्रश्न : माझा नातू दोन वर्षांचा आहे. मोबाईलवरील व्हिडिओ पाहून तो इंग्रजी अंक, रंग आणि गाणी म्हणतो. सूनबाई म्हणतात की यामुळे त्याची भाषा वाढते. हे खरे आहे का?
— एक आजोबा, म्हापसा

उत्तर : फारसे नाही. पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली. प्रत्यक्ष माणूस समोर बसून खेळत-बोलत होता, तेव्हा बाळांना त्या भाषेतील ध्वनींचा फरक कळू लागला. तोच मजकूर पडद्यावरून मिळालेल्या बाळांना त्याचा काहीच लाभ झाला नाही. पडदा मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास आहे, आणि कमी असेल तितके चांगले. सूनबाईंशी वाद घालण्यापेक्षा तो वेळ आपणच मागून घ्यावा, असे सुचवतो. नातवाला घेऊन मासळी बाजारात एक फेरी मारली, तर बांगडा, तारली आणि सुंगटे या तीन गोष्टींवरच अर्धा तास गप्पा होतात.

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तो बसच्या पाट्या, दुकानांची नावे, वर्तमानपत्रातील मथळे मराठी आणि इंग्रजी दोन्हींत वाचतो. सगळे कौतुक करतात. पण “काय खाल्लंस?” असे विचारले तर तो “काय खाल्लंस” असेच म्हणतो, आणि हाक मारली तरी बऱ्याचदा वळत नाही. बहिणीला हे सांगावे की नाही?
— एक मावशी, डिचोली

उत्तर : अवश्य सांगावे, आणि लवकर सांगावे. वयाच्या फार आधी, न शिकवता अक्षरे व शब्द वाचता येणे, पण त्या मानाने समज मागे असणे, याला हायपरलेक्सिया म्हणतात. नॉर्मन आणि मार्गारेट सिल्बरबर्ग यांनी 1967 मध्ये हा शब्द रूढ केला. लवकर वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला हे लागू होत नाही, कारण काही मुले लवकर वाचतात आणि वाचलेले समजूनही घेतात. आपण लिहिलेल्या दोन गोष्टी, म्हणजे प्रश्नाचाच प्रतिध्वनी करणे आणि नावाला प्रतिसाद न देणे, यांमुळे मात्र येथे तपासणी गरजेची आहे. असे वाचन काही वेळा स्वमग्नतेसोबत (ऑटिझमसोबत) आढळते. तसे आहे की नाही, हे पत्रावरून ठरवता येणार नाही आणि मी ते ठरवतही नाही.

पहिल्यांदा श्रवणचाचणी करून घ्यावी. त्यानंतर मुलांच्या विकासाचा अनुभव असलेले बालरोगतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट यांचा सल्ला घ्यावा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग विभागापासून सुरुवात करता येईल. बहिणीशी बोलताना त्याच्या वाचनाचे कौतुक मागे घेऊ नये. पुढे भाषा समजावून देण्यासाठी तेच वाचन वापरता येते: ‘जेवण’, ‘बाहेर’, ‘थांब’ असे शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या त्या त्या कृतीच्या वेळी दाखवल्या की अशा मुलांना बोललेल्यापेक्षा लिहिलेले लवकर उमगते. तपासणीला जाताना तो घरी खेळत असतानाचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण आणि तो कशाला कसे उत्तर देतो याची आठवडाभराची टिपणवही बहिणीने बरोबर न्यावी. अनोळखी खोलीत मूल नेहमीसारखे वागेलच असे नसते.