इलेक्ट्रिक मॉडेल विमान उडवायला जाताना पेटीत काय असावं?

फोमचं, थ्री-सेल लायपोवर (तीन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) उडणारं पहिलं विमान घेतलंय, पुण्यातच उडवणार आहे, तर मैदानावर कोणती हत्यारं न्यावीत आणि निगा कशी राखावी, असं तुम्ही विचारलंय.

हत्यारं फार लागत नाहीत. प्रॉपच्या (पुढच्या पंख्याच्या) नटाला बसणारा पाना, दीड-दोन-अडीच मिलिमीटरच्या ॲलन की, बारीक स्क्रूड्रायव्हर, नोज प्लायर, कटर, चिकटपट्टी, दोन जादा प्रॉप. ग्लू मात्र 'फोम-सेफ' घ्या. साधा सुपर ग्लू थर्माकोल खातो. बाकीचं बरंचसं बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या आसपास मिळून जातं.

या सगळ्यापेक्षा मी जपतो तो छोटा सेल चेकर, म्हणजे बॅटरीतल्या प्रत्येक सेलचे व्होल्ट दाखवणारं यंत्र. भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. उतरल्यावर प्रत्येक सेल ३.७ च्या आसपास राहील एवढंच उडवा. तीनच्या खाली गेलेल्या लायपोवर मी पुन्हा भरवसा ठेवत नाही. दोन-तीन दिवस उडवायचं नसेल तर चार्जरच्या स्टोरेज मोडवर ३.८ ला आणून ठेवा, भरलेली पडून राहिली की लवकर खराब होते. २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरने चार्ज करा, समोर बसून. फुगलेली बॅटरी वापरू नका.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये विमान गाडीच्या डिकीत ठेवलं आणि जेवून दुपारी थेट उडवलं. वीसेक मीटरवर ते डावीकडे कलंडलं ते सावरलंच नाही. उचलून पाहिलं तर एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीचा) सर्व्हो, म्हणजे ती हलवणारी छोटी मोटर, खाचेतून निसटलेला, आणि हॉट ग्लू बोटाला गुळाच्या पाकासारखी तार धरत होता. तेव्हापासून सर्व्हो इपॉक्सीने बसवतो, विमान आणि बॅटऱ्या उन्हातल्या गाडीत ठेवत नाही, आणि दर उड्डाणाआधी प्रत्येक हॉर्न (हलत्या पट्टीवरचा छोटा दांडा) चिमटीत धरून हलवून बघतो. क्लेव्हिसवर (सर्व्होची तार हॉर्नला अडकवणाऱ्या चिमट्यावर) सिलिकॉनच्या नळीचा तुकडा चढवा, म्हणजे तो आपोआप उघडत नाही.

आपल्याकडचा एक खास त्रास म्हणजे माती. ती बेसॉल्टची, त्यामुळे तिच्यात लोहकण असतात आणि मोटरचे चुंबक ते ओढून घेतात. घरी आल्यावर बॅटरी काढून प्रॉप हाताने सावकाश फिरवा. करकर आली तर चिकटपट्टीच्या टोकाने कण उचलून घ्या. फुंकर मारली तर ते आणखी आत जातात.

सुरू करताना आधी रिमोट, मग बॅटरी. बंद करताना उलट. बॅटरी जोडली की प्रॉपसमोर हात नको.

जागा ठरवण्याआधी डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नकाशा बघाच. २०२१ चे ड्रोन नियम अशा विमानांनाही लागू आहेत, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. लोहगाव विमानतळामुळे शहराचा मोठा भाग त्यात येतो. जागा नक्की झाली की पहिल्यांदा सकाळी सातच्या आत जा, वारा पडलेला असतो.