वरिष्ठांचं चुकतंय हे दिसत असूनही कंपनीतली जाणती माणसं गप्प का बसतात? यावर कुणी अभ्यास केलाय का?

केलाय, आणि फार खोलवर केलाय. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात, बाहेर टपरीवर खरं बोलतात, म्हणजे लोकांत धमकच उरली नाही. ते मला पटत नाही. मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत काम करतो. गप्प बसणाऱ्यांत घाबरट माणसं मला फार थोडी दिसली. असं का, याचं उत्तर मला डायान वॉन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंच्या कामात मिळालं.

वॉन यांनी जवळपास दशकभर नासाच्या चॅलेंजर या अंतराळयानाच्या दुर्घटनेचा अभ्यास केला. २८ जानेवारी १९८६ ला हे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सातही अंतराळवीर गेले. यानाला वर ढकलणाऱ्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीने कडक झाली होती, तिने फट वेळेत बुजवली नाही आणि आतला तप्त वायू बाहेर आला. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. आदल्या संध्याकाळी जे झालं ते मात्र नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे.

बूस्टर बनवणारी कंपनी मॉर्टन थायोकोल. तिच्या इंजिनिअरांनी बूस्टरचं काम पाहणाऱ्या नासाच्या मार्शल केंद्राला फोनवरच्या बैठकीत सांगितलं, की ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ सेल्सियसच्या खाली उडवू नका. दुसऱ्या दिवशी पारा गोठणबिंदूच्या आसपास राहणार होता. रॉजर बोइस्जोली हे त्यांतले सगळ्यांत आग्रही. जानेवारी १९८५ मधल्या थंडीतल्या उड्डाणानंतर परत आलेले बूस्टर त्यांनी स्वतः उघडून पाहिले होते. दोन ओ-रिंगांमधलं ग्रीस कोळशासारखं काळं पडलं होतं, म्हणजे गरम वायू पहिली रिंग ओलांडून आत शिरला होता. मार्शलचं म्हणणं, अशी गळती ७५ अंशांच्या उबदार हवेतही एकदा झालीय, मग थंडीचा संबंध कसा लावता? बोइस्जोलींचं उत्तर होतं की थंडीतली गळती जास्त वाईट होती, रंगावरूनच दिसत होतं. त्यावर, आकड्यात दाखवा. आकडा त्यांच्याकडे नव्हता.

वॉन यांचं मोठेपण मला इथे दिसतं. नासाच्या मॅनेजरांनी दबावाखाली जाणूनबुजून नियम मोडले असणार, असं गृहीत धरूनच त्यांनी अभ्यास सुरू केला होता. कागद चाळल्यावर उलटंच दिसलं: नियम पाळले गेले होते. ओ-रिंग जळाल्याचं आधी आढळलं तेव्हा तपासणी झाली, चर्चा झाली, 'स्वीकारण्याजोगी जोखीम' म्हणून रीतसर नोंद झाली. पुढच्या वेळी थोडं जास्त जळालं, पुन्हा तेच. वर्षानुवर्षं असं करत करत, जे पहिल्या दिवशी कुणीच चालवून घेतलं नसतं ते रोजचं झालं. विचलन, म्हणजे ठरलेल्यापासून ढळणं, अंगवळणी पडणं ही त्यांनी मांडलेली कल्पना आज विमानवाहतुकीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत वापरली जाते.

त्यांच्या मांडणीवर माझा एक आक्षेप आहे. वॉन संस्थेच्या संस्कृतीला फार मोठा वाटा देतात आणि उघड सत्तेला जरा कमी. त्या रात्रीचा पुढचा भाग बघा. मार्शलवाल्यांनी इतकी तीव्र नाराजी दाखवली, की थायोकोलने आपसात बोलायला पाच मिनिटं मागितली. ती जवळजवळ अर्धा तास लांबली. बोइस्जोली आणि त्यांचा एक सहकारी टेबलापाशी जाऊन चित्रं, फोटो दाखवत पुन्हा समजावत राहिले, कुणी ऐकत नाही हे दिसल्यावर थांबले. मग कंपनीच्या वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. मत फक्त चार मॅनेजरांचं घेतलं गेलं. इंजिनिअर त्याच खोलीत होते, त्यांना कुणी विचारलंही नाही. फोन परत जोडल्यावर मार्शलकडून विचारणा झाली, कुणाला आणखी काही म्हणायचंय का? कुणीही बोललं नाही.

ही शांतता भित्रेपणाची म्हणता येईल का? ही माणसं तासन्‌तास बोलली होती. थायोकोलचे अ‍ॅलन मॅकडोनल्ड तर प्रक्षेपणस्थळी होते आणि त्यांनी मंजुरीवर सही करायलाच नकार दिला. सही मग कंपनीतल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने करून फॅक्स केली. बदललं होतं ते एवढंच, की एरवी 'सुरक्षित आहे' हे कंपनीने सिद्ध करायचं असे, त्या रात्री 'असुरक्षित आहे' हे इंजिनिअरांना सिद्ध करायला लावलं. पुराव्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवायचं हे ठरवण्याची ताकद म्हणजेच सत्ता. त्यात समोर नासा, म्हणजे ग्राहक. आम्ही व्हेंडर कंपनीवाले हे ओळखतो. ग्राहकाचा आवाज चढला की कॉन्फरन्स रूममधल्या निम्म्या माना आपोआप खाली जातात.

आमच्याकडे एका प्रेसवरचे जुने ऑपरेटर, सगळे त्यांना काका म्हणतात, एकदा म्हणाले, "डाय (साचा) बसल्यावर आवाज बोदा येतोय." त्यांना विचारलं गेलं, पार्ट टॉलरन्समध्ये, म्हणजे मापाच्या ठरलेल्या मर्यादेत, आहे ना? होता. मग चालू द्या. दुसऱ्या पाळीत डायला तडा सापडला. काकांनी सांगितलं नव्हतं असं कुणी म्हणूच शकत नाही. पण कान ज्याचे तीस वर्षांचे, त्याच्या बोलण्याला मोजपट्टीवर जागा नव्हती.

२००३ मध्ये कोलंबिया यान परतताना तुटलं, त्यात कल्पना चावला होत्या. त्या तपासातही वॉन यांना बोलावलं गेलं, कारण तेच पुन्हा घडलं होतं. इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा पंखावर आदळल्याचं इंजिनिअरांनी पाहिलं होतं, कक्षेतल्या यानाचे फोटो मागितले होते. मागणी वरून रद्द झाली. एका इंजिनिअरने कडक शब्दांत ईमेल लिहिली, सहकाऱ्यांना दाखवली, पण वर पाठवली नाही. सतरा वर्षांत सांधे सुधारले होते. बोलण्याची वाट तशीच होती.

हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांचं संशोधनही बघा. त्यांनी हॉस्पिटलमधल्या औषधं देण्यातल्या चुका अभ्यासल्या. चांगल्या वॉर्डांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती, पण नोंदी तिथेच जास्त निघाल्या. तिथल्या नर्स चूक सांगायला घाबरत नव्हत्या, हे त्याचं कारण. त्यामुळे एखाद्या खात्याचा चुकांचा तक्ता कोरा दिसला की मला आनंद होत नाही.

बोलणाऱ्याचं पुढे काय होतं हेही लपवायला नको. चॅलेंजरच्या चौकशी आयोगापुढे खरं सांगितल्यावर मॅकडोनल्ड यांना बाजूला सारलं गेलं. अमेरिकन संसदेने दबाव आणला तेव्हा परत घेतलं, आणि सांध्याच्या नव्या रचनेचं काम त्यांनीच पार पाडलं. बोइस्जोलींना सहकाऱ्यांनी वाळीत टाकल्यासारखं वागवलं, त्यांनी कंपनी सोडली. १९८८ मध्ये त्यांना वैज्ञानिक स्वातंत्र्य आणि जबाबदारीसाठी पुरस्कार मिळाला, पण गेलेली उमेद पुरस्काराने भरून येत नाही. म्हणून 'बिनधास्त बोला' असा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. घर तुमचं चालायचंय.

त्याऐवजी मीटिंगची मांडणी बदलता येते का ते बघा. आमच्या शिफ्ट हँडओव्हरच्या रजिस्टरमध्ये आता 'शंका' असा रकाना आहे, तिथे आकडा लागत नाही, आवाज, वास, रंग काहीही लिहिता येतं आणि पुढच्या पाळीच्या सुपरवायझरला त्यापुढे 'पाहिलं' म्हणून सही करावी लागते. मीटिंगमध्ये सगळ्यांत ज्युनिअरने आधी बोलायचं, साहेबांनी शेवटी. आणि कुणी "चूक आहे हे सिद्ध कर" म्हणालं, तर शांतपणे विचारायचं, "सर, बरोबर आहे हे कुणी तपासलंय?" अधिकार नसलेल्या माणसालाही एवढं विचारता येतं. तुमच्या मीटिंगचे मिनिट्स कोण लिहितं? ते काम कुणालाच नको असतं. मागून घ्या, आणि कुणी काय शंका काढली ते नावानिशी लिहायला लागा.