पिसांआधी हाडं बघ

पक्षी डायनोसॉरांतून आले याचा पुरावा जीवाश्मांत शोधताना, पिसं उडण्यासाठीच आली ही समजूत आधी मनातून काढ. चीनच्या लिआओनिंग प्रांतातला सायनोसॉरोप्टेरिक्स हा डायनोसॉर १९९६ साली जगापुढे आला. अंगावर तंतूंसारखी पिसं, पण हात इतके आखूड की उडण्याचा प्रश्नच नाही. ऊब आणि दिखावा ही कारणं इथे जास्त पटतात.

जीवाश्माचा फोटो पाहिलास की नजर पिसांकडेच जाईल. तिला हाडांकडे वळव. मनगटातलं अर्धचंद्राकृती हाड आणि छातीवरचं इंग्रजी व्हीच्या आकाराचं हाड नीट ओळखायला शीक. डायनोसॉर आणि पक्षी यांचं नातं अशा हाडांतून दिसतं. जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकस या डायनोसॉरचं वर्णन १९६९मध्ये केलं. पुढे त्याची आर्किऑप्टेरिक्स या अतिप्राचीन, पक्ष्यासारख्या प्राण्याशी हाडन् हाड तुलना करून पक्षी डायनोसॉरांतूनच आले हे त्यांनी ठामपणे मांडलं. व्हेलोसिरॅप्टर या डायनोसॉरच्या तर हाताच्या हाडावरच पिसांच्या मुळांचे उंचवटे सापडले, पिसांचा ठसा नसतानाही! मला हा पुरावा फार आवडतो.

‘हाच पक्ष्यांचा पूर्वज’ असं कुठल्याही एका जीवाश्माबद्दल म्हणू नकोस, आर्किऑप्टेरिक्सबद्दलही नाही. जवळचा नातेवाईक म्हण.

आणि शिळेचे जोड तपास. १९९९चा ‘आर्किओरॅप्टर’ हा जीवाश्म वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून बनवलेला निघाला. त्याची शेपटी मायक्रोरॅप्टर या छोट्या डायनोसॉरची होती.