आई दिवसभर गोधड्याच शिवत बसते, काळजी करावी का?

टाळेबंदीच्या काळात मी फोनवरून समुपदेशन करीत असे, तेव्हा एक प्रश्न निरनिराळ्या घरांतून येई. घरातील एखादे माणूस एकाच कामात दिवसरात्र बुडून गेले, तर त्याला विरंगुळा म्हणावे की आजाराची सुरुवात? त्याचे उत्तर म्हणून सातारा जिल्ह्यातील एका गोधडी शिवणाऱ्या मावशींचा अनुभव त्यांच्या संमतीने सांगतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जून 2020 मध्ये त्यांच्या मुलीने ठाण्याहून फोन केला. आई पहाटेपासून जमिनीवर गोधडी पसरून बसते, फोन उचलत नाही, रात्री सगळे झोपले तरी दिवा लावून शिवते आणि सकाळी तेच टाके उसवते, असे वहिनीने तिला कळवले होते. त्यात आईने घडीही न मोडलेली एक इरकली साडी फाडून गोधडीत घातली, तेव्हा घरच्यांचा धीर सुटला. "आईच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?" असे मुलीने विचारले.

मी आधी जुनी दिनचर्या विचारली. मावशी वर्षानुवर्षे गावात आणि तालुक्याच्या ठिकाणी मागणीनुसार गोधड्या शिवून देत होत्या आणि पूर्वीही दिवसाचे तितकेच तास त्यांचे त्यातच जात. ते तास घरात कोणी मोजले नव्हते. मार्चअखेर मागणी थांबली, पैसे येणे बंद झाले आणि तेच काम घरच्यांना एकाएकी विचित्र वाटू लागले. बाईच्या हातच्या कामाचे असे पुष्कळदा होते. त्यामुळे तासांच्या हिशोबावरून मी सहसा काही ठरवत नाही. हाक मारली तर सुई खाली ठेवता येते का, जेवण, झोप आणि औषधे वेळेवर आहेत का, आणि हातात काम नसताना मनात काय येते, हे मी विचारतो.

मावशींशी बोलल्यावर कळले, की दिवसा त्यांची तक्रार फारशी नव्हती. जेवण ठीक होते, नातवाने हाक मारली की त्या उठत असत. मात्र रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या आणि त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. फोन उचलावासा वाटत नव्हता, कारण फोन आला की कोणाची तरी वाईट बातमी असणार, असे त्यांच्या मनाने घेतले होते. पूर्वी शेजारच्या दोघी-तिघी अंगणात येत. थर अंथरताना चारी कोपरे ताणून धरायला माणसे लागतातच आणि कडेने धावदोरा घालत आत सरकेपर्यंत गप्पाही होत. ते बसणे बंद झाले होते. रात्री आडवे झाले की मुंबईतला भाऊ डोळ्यांपुढे येई.

तो भाऊ मे महिन्यात हृदयविकाराने गेला होता. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती आणि जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत असे, तो वेळेत मिळाला नाही. दहाव्यालाही जाता आले नाही. फाडलेली इरकली त्यानेच भाऊबीजेला दिलेली होती. त्याने दिलेल्या सगळ्या साड्या बाहेर काढून त्याच्या मुलीसाठी एक गोधडी करायची, असे मावशींनी ठरवले होते. त्यांपैकी सिंथेटिक साड्यांवर टाका बसत नाही, थर घसरतो, म्हणून त्या बाजूला ठेवल्या आणि सुती तेवढ्या घेतल्या. इतका विचार करून कापड निवडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असे मला वाटले नाही. हे घरात का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सगळ्यांच्याच घरी काही ना काही चाललंय, माझं कुठं सांगत बसू?"

टाके उसवण्याचे कारण अगदी साधे निघाले. मोतीबिंदूमुळे रात्रीच्या उजेडात ओळी तिरप्या जात आणि सकाळी ते त्यांच्या नजरेला खटके. म्हणून आम्ही शिवण बंद न करता फक्त रात्रीची शिवण थांबवली. तिन्हीसांजेला सुई हातात धरू नये, असे त्यांच्या सासूबाई सांगत असत, तोच नियम त्यांनी स्वतःहून पुन्हा लावून घेतला. मुलाने गोळ्या आणल्या. मुलीने रोज दुपारी, आई शिवत असतानाच, आधी ठरवलेल्या वेळी फोन करायचा, तो स्पीकरवर ठेवायचा आणि "जेवलीस का, गोळी घेतलीस का" या चौकशीऐवजी आज कोणती साडी लागली, ते विचारायचे, असे ठरले. साडीवरून ती कोणत्या दिवाळीची हे निघे, आणि त्यावरून मामाचे बोलणे निघे. पहिले काही दिवस दोघी रडल्या, तेव्हा हे बरोबर चालले आहे ना, असे मुलीने घाबरून विचारले. मी चालू ठेवायला सांगितले, कारण दहाव्याला चार माणसांत जे रडणे झाले असते, ते मावशींच्या वाट्याला आलेच नव्हते. झोप हळूहळू सुधारली, तरी काही रात्री वाईट जातच.

हेच चित्र थोडे वेगळे असते, तर माझा सल्लाही वेगळा असता. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक सगळा दिवस मन उदास असेल, आवडीच्या कामातही रस उरला नसेल, अन्न किंवा झोप तुटली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवे. मरणाची भाषा तोंडी आली, तर दोन आठवडे थांबून पाहू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. गोधडी शिवणाऱ्या बाईने सुई कायमची ठेवून दिली, तर ती खूप शिवते यापेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटेल. आता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. तिथे मराठीत बोलता येते.

सप्टेंबर 2020 मध्ये ई-पासची अट उठली, तेव्हा मुलगी गावी जाऊन ती गोधडी घेऊन आली आणि तिने ती मामेबहिणीकडे पोहोचवली. पुढे मागणी पुन्हा सुरू झाल्यावर मावशींनी दिवेलागणीनंतर शिवायचे नाही हे कायम ठेवले. गिऱ्हाइकाला आधीच चार दिवस जास्तीचे सांगितले की ते थांबते, असा त्यांचा अनुभव आहे.